एका तंगुसावर तीन फ्लाय

एका लीडरला एकच फ्लाय बांधावी, हे माझं मत फार वर्षं पक्कं होतं. आज माझ्या लीडरवर बहुतेक वेळा दोन आणि पुष्कळदा तीन फ्लाय असतात. हे मत एका दिवसात बदललं नाही, आणि वादात मला कुणी हरवलं म्हणूनही बदललं नाही. ते का बदललं आणि कुठवर बदललं, हे एकदा नीट मांडावं असं बरेच दिवस मनात आहे. कारण ज्या गोष्टींसाठी मी एका फ्लायवर अडून होते, त्या मला आजही हलक्या वाटत नाहीत.

फ्लाय फिशिंग ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. यात गरीला आमिष लावत नाहीत. लहानशा गरीवर रेशीम, पिसं, लोकर गुंडाळून पाण्यातल्या किड्यासारखं रूप तयार करतात, तीच फ्लाय. तिला वजन जवळजवळ नसतंच, त्यामुळे ती फेकता येत नाही. वजन असतं ते जाड लाइनला. ती लाइन हवेत मागेपुढे खेळवून पुढे सोडायची, म्हणजे तिच्या टोकाला जोडलेला तंगुसाचा निमुळता लीडर उलगडतो आणि फ्लाय पाण्यावर अलगद उतरते; हाच कास्ट. लीडर साधारण 9 ते 12 फुटांचा. त्याच्या टोकाला एक फ्लाय बांधली की काम भागतं. पण लीडरच्या मध्येच जोडगाठ मारून बोटभर लांबीचं एक टोक मोकळं ठेवलं, तर त्यालाही फ्लाय बांधता येते. या मोकळ्या टोकाला ड्रॉपर म्हणतात. दोन ड्रॉपरवरच्या दोन आणि टोकाची एक, अशा तीन फ्लाय एकदम पाण्यात सोडण्याची पद्धत उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये फार जुनी आहे.

मी या छंदात शिरले ते मात्र दक्षिणेतून. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी हॅम्पशरमध्ये होते. टेस्ट आणि इचेन या तिथल्या नद्या. पाऊस तिथे खडूच्या टेकड्यांत मुरतो आणि वर्षभर झऱ्यांवाटे बाहेर येतो, म्हणून पाणी थंड, संथ आणि तळ दिसेल इतकं नितळ. पाणवनस्पतींच्या हिरव्या पट्ट्यांमधल्या मोकळ्या जागेत ट्राउट उभा असतो, वरून किडा वाहत आला की तोंड वर करतो आणि पाण्यावर एक वर्तुळ उठतं. सगळं डोळ्यांसमोर घडतं. फ्रेडरिक हॅल्फर्ड यांनी याच पाण्यांवर ड्राय फ्लायचं, म्हणजे तरंगत्या फ्लायचं, शास्त्र उभं केलं. त्यांचं ‘फ्लोटिंग फ्लाइज अँड हाउ टु ड्रेस देम’ 1886 साली आलं आणि 1889 साली ‘ड्राय-फ्लाय फिशिंग इन थिअरी अँड प्रॅक्टिस’. त्यातली शिकवण स्पष्ट आहे. आधी मासा शोधा, तो काय खातोय ते ओळखा, त्या किड्याच्या रूपाची एकच तरंगती फ्लाय खालच्या अंगाने, प्रवाहाच्या वरच्या दिशेला त्याच्यापुढे टाका. मासा दिसत नसेल तर थांबा.

मला या शिकवणीची भूल पडली. तिच्यात एक सभ्यता होती. एका माशाशी एका फ्लायने समोरासमोर व्यवहार करायचा, आणि त्याने नाकारलं तर तो जिंकला असं मानायचं. पुढे जी. ई. एम. स्क्यूज वाचले. पेशाने ते वकील. 1910 सालच्या ‘मायनर टॅक्टिक्स ऑफ द चॉक स्ट्रीम’मध्ये त्यांनी पाण्याखालच्या निम्फची, म्हणजे पंख फुटण्याआधीच्या किड्यासारख्या बुडत्या फ्लायची, बाजू मांडली. हा वाद इतका चिघळला की 1938 साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये त्यावर रीतसर चर्चा झाली. तेव्हा स्क्यूज ऐंशीच्या घरात होते. पण या सगळ्या वादात प्रश्न होता तो फ्लाय तरंगती असावी की बुडती, एवढाच. दिसलेल्या एका माशापुढे एक फ्लाय टाकायची, यावर दोन्ही बाजूंचं एकमत होतं. म्हणून माझी समजूत अशी झाली की हा साऱ्या पाण्यांना लागू असलेला नियम आहे.

त्या नियमाला माझ्या लेखी आणखी दोन आधार होते. पहिला निव्वळ पाण्याच्या वागणुकीचा. खरा किडा प्रवाहाबरोबर मुक्तपणे वाहत येतो. फ्लायला तंगुसाची जरा जरी ओढ बसली तरी ती पाण्याला आडवी सरकते आणि जाणता मासा तिच्याकडे पाठ फिरवतो. दोन फ्लाय दोन वेगळ्या धारांत पडल्या तर त्या एकमेकींनाच ओढतात. एक फ्लाय नीट वाहती ठेवणंच जिथे कठीण, तिथे दुसरी कशाला, असं मला वाटे.

दुसरा आधार माशाच्या बाजूचा होता आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटे. एकदा एका तळ्यावर, सोबतच्यांच्या आग्रहाखातर, मी लीडरला ड्रॉपर बांधला होता. मासा ड्रॉपरवरच्या फ्लायला लागला आणि थेट पाणवेलींत घुसला. टोकाची मोकळी फ्लाय वेलींत रुतली. माझ्याकडून ताण होता, वेलींकडून ताण होता आणि मधोमध तो मासा. तंगूस तुटला तो माझ्या बाजूला. मला आत उतरता येईना, पाणी खोल होतं. वेलींच्या कडेला बराच वेळ पाणी ढवळत राहिलं. तो सुटला की तिथेच बांधलेला राहिला, ते मला कधीच कळलं नाही. मी पकडलेले मासे पाण्यात परत सोडते. सोडायचंच आहे तर माशाला कमीत कमी इजा व्हावी, ही माझी पहिली अट. मोकळी लोंबणारी जास्तीची गरी या अटीत बसत नव्हती. त्या दिवसानंतर माझं मत आणखी घट्ट झालं.

मग मी उत्तरेला आले. लीड्सला घर घेतलं आणि व्हार्फ ही माझी नदी झाली. लँगस्ट्रॉथडेलमध्ये उगम पावून केटलवेल, बर्नसॉल, बोल्टन अ‍ॅबी असं करत ती खाली येते. ही पावसावर चढणारी-उतरणारी नदी. वरच्या माळांवर पाऊस पडला की काही तासांत पाणी वाढतं आणि पीटच्या जमिनीतून येताना तपकिरी होतं. तळाला गोटे, पाण्याला घाई, आणि वरच्या खळखळीमुळे मासा दिसण्याची सोय फारच थोडी. मी हॅल्फर्डची शिकवण घेऊन काठावर उभी राहायची आणि वर्तुळ उठण्याची वाट बघायची. संध्याकाळी काही वेळा ती उठायची. बाकी दिवसभर नदी माझ्यापुरती बंद असे. हा नदीचा स्वभाव आहे, असं मी मानून चालले होते.

बर्नसॉलच्या खालच्या अंगाला एक वयस्क गृहस्थ नेहमी दिसायचे. गुडघाभर पाण्यात उभे राहून, फार लांब लाइन न टाकता, ते दगडांमधल्या एकेका खोलगट जागेवर कास्ट करत प्रवाहाविरुद्ध हळूहळू वर सरकत. त्यांच्या लीडरवर तीन फ्लाय असत. एका सकाळी त्यांनी आपला डबा उघडून माझ्यापुढे धरला. आत सगळ्या ‘स्पायडर’ होत्या. नाव कोळ्याचं असलं तरी कोळ्याशी त्यांचा संबंध नाही. गरीवर रेशमाचं बारीक अंग आणि मानेपाशी पिसाचे दोनच विरळ फेरे, इतकीच त्यांची घडण. त्यांनी एक ‘पार्ट्रिज अँड ऑरेंज’ काढली. नारिंगी रेशमाचं अंग आणि तित्तिराच्या जातीच्या पक्ष्याचं ठिपक्यांचं तपकिरी पीस. कोरडी असताना ती इतकी उघडीवाघडी दिसत होती की मासा हिला का धरील, असा प्रश्न पडावा. त्यांनी ती ओंजळभर पाण्यात बुडवली. रेशीम भिजून गडद झालं, आतला गरीचा काळा रंग त्यातून डोकावू लागला आणि पिसाचे तंतू मागे वळून अंगाला बिलगले. त्यांनी ओंजळ जराशी हलवली तसे ते तंतू सुटे झाले, पुन्हा मिटले, पुन्हा उघडले. तळातून वर येण्यासाठी धडपडणारा किडा नेमकं हेच करतो.

त्यांच्याकडूनच मला या भागातली पुस्तकं कळली. टी. ई. प्रिट यांनी यॉर्कशरच्या नद्यांवरच्या फ्लायची यादी 1885 साली छापली आणि पुढच्याच वर्षी ती ‘नॉर्थ-कंट्री फ्लाइज’ या नावाने पुन्हा आली. ते वर्ष 1886. म्हणजे हॅल्फर्ड यांचं पहिलं पुस्तक ज्या वर्षी आलं, त्याच वर्षी त्याच देशाच्या दुसऱ्या टोकाला दुसरीच परंपरा पुस्तकात उतरत होती. 1916 साली एडमंड्स आणि ली यांनी ‘ब्रुक अँड रिव्हर ट्राउटिंग’ काढलं, आणि त्याच्या खास प्रतींत खऱ्या पिसांचे आणि रेशमांचे नमुने लावले. या सगळ्यांच्या आधी, 1857 साली, स्कॉटलंडचे डब्ल्यू. सी. स्ट्युअर्ट यांनी ‘द प्रॅक्टिकल अँग्लर’मध्ये सांगून ठेवलं होतं की मासे प्रवाहाकडे तोंड करून उभे असतात, म्हणून त्यांच्या मागून वर जावं आणि कास्ट वरच्या दिशेला करावा. हॅल्फर्ड यांच्या जवळपास तीस वर्षं आधी. आणि स्ट्युअर्ट एका लीडरवर एकाहून अधिक स्पायडर वापरत. प्रवाहाविरुद्ध, शिस्तीत, माशाचा विचार करून गरवणं ही एका फ्लायची मिरास नव्हती, हे मला या पुस्तकांनी दाखवलं.

इथे माझ्या मताला पहिला तडा गेला. कोकणातली भातलावणीची रीत कुणी देशावरच्या ज्वारीच्या रानात चालवू बघत नाही. दोन्हीकडे शेतकरी तितकाच जाणता असतो, जमीन आणि पाऊस वेगळे असतात. एका फ्लायचा नियम खडूच्या पाण्यात जन्मला, कारण तिथे मासा दिसतो. जिथे तो दिसतच नाही, तिथे मासा शोधण्याचं काम डोळ्यांऐवजी फ्लायलाच करावं लागतं.

बर्नसॉलच्या त्या गृहस्थांसारखं मी करून पाहू लागले तेव्हा बाकीचं हळूहळू उमगलं. एप्रिलमधली दुपार घ्या. या दिवसांत ‘लार्ज डार्क ऑलिव्ह’ नावाचा बारीक किडा निघतो. त्याची निम्फ तळाच्या दगडांवर वाढते, वेळ झाली की वर पोहत येते, पाण्याच्या पृष्ठभागाला भिडून कात टाकते, पंख वाळवते आणि उडून जाते. एकाच क्षणी काही किडे तळाशी असतात, काही मधल्या पाण्यात, काही वरच्या पापुद्र्यात अडकलेले. मासा यांतल्या कुठल्या थरावर खातोय, ते काठावरून सांगता येत नाही. आता वरच्या ड्रॉपरला ‘वॉटरहेन ब्लोआ’ बांधली, जी याच किड्याचं रूप घेते. मधल्या ड्रॉपरला ‘पार्ट्रिज अँड ऑरेंज’. आणि टोकाला जरा जड निम्फ. टोकाची फ्लाय खाली बसते, वरची पापुद्र्याखालीच राहते, मधली अधेमधे. तीन थरांना एकाच कास्टमध्ये तीन प्रश्न विचारले जातात.

लहानपणी दाभोळच्या खाडीवर मामांबरोबर गरवायला बसायचे तेव्हाही तंगुसाला दोन गऱ्या असायच्या. मामा म्हणायचे, “वरच्या गरीला लागला तर मासा वर फिरतोय गो, खालच्या गरीला लागला तर तळाला. मग पुढचं आपण ठरवायचं.” ते पोटासाठी मासे धरत, आणि मी इंग्लंडात आल्यावर त्यांचं गरवणं आणि माझा छंद यांच्यात मोठं अंतर मानत आले होते. व्हार्फच्या पाण्यात उभं राहून त्यांचं हे वाक्य मला नव्याने समजलं. दुसरी गरी ते माशांची संख्या दुप्पट करायला लावत नव्हते. ते पाण्याची बातमी घेत होते.

ओढीचा प्रश्नही पाण्यातच सुटला. संथ, नितळ पाण्यावर दूर कास्ट केला तर दोन फ्लाय एकमेकींना खरंच बिघडवतात. खळाळत्या पाण्यात, आखूड लाइनवर, रॉड उंच धरून काम केलं तर तंगूस बराचसा पाण्याबाहेर राहतो आणि ओढ थोडी बसते. जी बसते ती काही वेळा उपयोगीही पडते. कास्ट संपत आला की टोकाच्या जड फ्लायमुळे ताणलेल्या लीडरवर वरची स्पायडर किंचित उचलली जाते, आणि वर येणारा किडा समजून मासा तिला धरतो. स्कॉटलंडच्या लॉखवर, म्हणजे तिथल्या तळ्यांवर, वाऱ्याने वाहणाऱ्या बोटीतून, वरच्या ड्रॉपरची फ्लाय मुद्दाम लाटांवरून घासत आणतात. तिच्याकडे बघायला वर आलेला मासा कितीदा तरी मागून येणारी दुसरीच फ्लाय घेतो. इथे फ्लाय एकमेकींचं काम करतात.

हिवाळ्यात हे सर्वांत ठळक दिसतं. यॉर्कशरच्या नद्यांवर ब्राउन ट्राउटचा हंगाम सप्टेंबरअखेर संपतो. मग 14 मार्चपर्यंत ग्रेलिंगचे दिवस. हा मासा थंडीत तळालगत राहतो. 1980च्या दशकात स्पर्धांच्या निमित्ताने पोलंड आणि तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियाच्या मच्छीमारांची पद्धत सगळीकडे पोचली; रॉडच्या टोकाखालीच, अगदी आखूड लाइनवर, वजनदार निम्फ तळाला घासत नेण्याची. त्यात जड निम्फ तळ गाठते आणि तिच्यासोबत बांधलेली हलकी, लहान निम्फ मासा घेतो. हलकी फ्लाय एकटी त्या खोलीवर पोचलीच नसती.

आता राहिला माशाच्या इजेचा प्रश्न. तळ्यावरचा तो मासा मी विसरलेले नाही आणि विसरू इच्छित नाही. म्हणून माझं मत बदललं तेव्हा त्याच्यासोबत काही अटी आल्या. माझ्या सगळ्या गऱ्या आता बिनकाट्याच्या आहेत, म्हणजे मागे अडकवणारा काटा नसलेल्या. त्या सहज निघतात आणि तंगूस तुटलाच तरी माशाला गरी झटकून टाकण्याची संधी राहते. दोन फ्लायमध्ये मी निदान अडीच-तीन फुटांचं अंतर ठेवते, म्हणजे मासा जाळीत आला तरी मोकळी गरी त्याच्या अंगापासून दूर असते. मासा जाळीत आला की पहिलं काम मोकळ्या फ्लाय मुठीत धरणं, मगच माशाला हात. पाणवेली किंवा बुडालेली झाडं असलेल्या पाण्यात मी एकच फ्लाय बांधते, मग बाकीचं पाणी काहीही सांगत असो. आणि कडक उन्हाळ्यात पाणी 20 अंशांकडे सरकू लागलं की रॉड घरीच. तेव्हा पाण्यातला प्राणवायू घटतो आणि दमलेला ट्राउट सोडल्यावरही सावरेल याची खात्री नसते.

हे लिहिताना जाणवतं की माझ्या जुन्या मताचा गाभा शाबूत आहे. मला तेव्हाही माशाशी न्यायाने वागायचं होतं, आजही तेच हवं आहे. तो न्याय फ्लाय मोजून ठरतो, हे तेवढं मी सोडलं. एका काटेरी गरीने धरलेला, दमेपर्यंत खेळवलेला, कोरड्या हाताने फोटोसाठी उचललेला मासा मी पाहिला आहे, आणि बिनकाट्याच्या तीन फ्लायमधल्या एकीला लागून काही क्षणांत जाळीतूनच पाण्यात परत गेलेलाही. फ्लायची संख्या या दोघांच्या वाट्याला काय आलं ते सांगत नाही.

माझ्या नव्या मताला एक मोठा अपवाद आहे आणि तो मी टाळणार नाही. नद्यांच्या स्वभावावरून सगळं ठरतं म्हणावं, तर जपानच्या डोंगरी ओढ्यांवरची टेंकारा पद्धत समोर येते. पाणी वेगवान, दगडधोंड्यांचं, व्हार्फच्या वरच्या अंगासारखंच. तरी तिथे लांब रॉडच्या टोकालाच बांधलेला दोर, रील नाही, आणि टोकाला एकच केबारी, त्यांच्याकडची फ्लाय. जुने टेंकारा करणारे पुष्कळदा वर्षभर एकाच प्रकारची केबारी वापरतात आणि मनगटाच्या हालचालीने तिला वेगवेगळ्या थरांत, वेगवेगळ्या चालीने खेळवतात. पाण्याची चौकशी तेही करतात, फक्त तीन फ्लायचं काम त्यांचा एक हात करतो. त्यामुळे तीन फ्लाय हीच वेगवान पाण्याची एकमेव रीत आहे, असं म्हणण्याइतकं दुसऱ्या टोकाला मी गेलेले नाही. माझा हात त्यांच्याइतका तयार नाही. मला तीन फ्लायनी जे कळतं, ते त्यांना एकीने कळत असावं.

पुण्या-मुंबईचे काही स्नेही हिमाचलात तीर्थनवर ट्राउटसाठी जातात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथे बंदी असते, बाकीच्या महिन्यांत परवाना काढून जाता येतं. एक फ्लाय की दोन, हा प्रश्न ते मला विचारतात. मी आधी परवान्यावरचे नियम वाचायला सांगते, कारण जिथे एकच फ्लाय चालते तिथे वाद संपला. परवानगी असेल तर तीर्थनसारख्या खळाळत्या, गोट्यांच्या नदीवर दोन बांधून सुरुवात करा, असं सांगते. आणि गाठ घरून पक्की करून जा, कारण ड्रॉपरची गाठ थंडीने बधिर झालेल्या बोटांनी शिकता येत नाही.

एका फ्लायवर ठाम असलेल्या कुणी आपलं मत सोडावं, असा माझा आग्रह नाही. नितळ पाण्यात तोंड वर करणारा मासा दिसला की मीही ड्रॉपर कापून टाकते आणि हॅल्फर्ड यांनी सांगितलं तसंच करते. मागणी आहे ती माझ्यासारख्या तीन फ्लाय बांधणाऱ्यांकडे. दोन-तीन मासे लागोपाठ एकाच फ्लायला लागले, की उरलेल्या दोन्ही काढून ठेवा. पाण्याने उत्तर दिलेलं असतं. त्यानंतरही तिन्ही तशाच ठेवणं ही हाव आहे, आणि हावेपोटी मासे धरायचे नाहीत म्हणून तर मी पहिल्यांदा एका फ्लायचा हट्ट धरला होता.